चुकायचे कोठे?

लहान मूल चालावयास शिकते तेव्हा आपण त्याचे बोट सोडतो. ते पडणार हे ठाऊक असते, तरीही सोडतो. न सोडले तर ते कधीच चालणार नाही, हेही ठाऊक असते. नव्याने पोळी लाटणाऱ्याच्या पहिल्या पाच-दहा पोळ्या नकाशासारख्या होतात आणि घरातील मंडळी थट्टा करीत का होईना, पण त्या खातात. हार्मोनियमवर बोट चुकते, सायकलवरून गुडघा फुटतो, पहिल्या भाषणात घसा कोरडा पडतो. चुकत चुकत शिकावे, हा आपल्या संसारातील सर्वमान्य शिक्षणविचार आहे, आणि तो खोटा नाही.

परंतु काही व्यवसाय असे आहेत की तेथे पहिली चूक हीच शेवटची ठरू शकते. आणि तीत चुकणारा एकटाच जात नाही, भिंतीपलीकडे आपापले काम करीत असलेली दहा निरपराध माणसेही जातात. विजेच्या तारांवर चढणारा लाइनमन, खाणीत सुरुंग लावणारा, वायूच्या टाकीत उतरणारा, उच्च दाबाच्या वाफेशी ज्याचा रोजचा संबंध आहे तो, अशांनी शिकावे कसे? आणि त्यांच्या शेजारी जो जुना, जाणता माणूस उभा आहे, त्याचे नवख्याप्रती नेमके कर्तव्य काय? चुकू दिले तर माणसे मरतील. चुकू दिले नाही तर आज कोणी मरणार नाही. पण जाणता निवृत्त झाल्यावर त्या यंत्रापुढे उभा राहणारा माणूस कधीच न चुकलेला, आणि म्हणून कधीच न शिकलेला असेल. हा पेच वरवर तांत्रिक दिसतो. आम्हांला तो मुळात नैतिक वाटतो.

आमची नोकरीची बहुतेक वर्षे राज्य शासनाच्या बाष्पक निरीक्षणाच्या कामात गेली. बाष्पक हा कागदावरचा शब्द. गिरणीत आणि कारखान्यात त्याला बॉयलरच म्हणतात, आणि आम्हीही येथे तसेच म्हणू. इंदुरातील ज्या घरांत आजोबा गिरणीत होते त्या घरांना बॉयलर म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी इतकेच की, बंद पोलादी भांड्यात पाणी तापवून दाबाखालील वाफ तयार करावयाची आणि ती कापड रंगविण्यास, उसाचा रस आटविण्यास, औषधे बनविण्यास किंवा वीज निर्माण करण्यास वापरावयाची. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. भांडे फुटले की आतील अतितप्त पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि आपली जागा आपणच करून घेतो. मध्ये भिंती असोत की माणसे.

१८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. त्यातून १८६४ साली बंगालमध्ये निरीक्षणाचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांच्या जागी १९२३ चा अधिनियम आला, १९५० मध्ये तपशीलवार विनियम आले, आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, जुन्या अधिनियमाची जागा नव्याने घेतली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे एक गोष्ट आपल्याकडे मान्य झालेली आहे की, या यंत्राजवळ अर्धवट शिकलेला माणूस एकटा उभा राहता कामा नये. अर्धवट शिकलेला पूर्ण शिकणार कसा, याबद्दल मात्र कायदा फारसे बोलत नाही. तो अनुभवाची वर्षे मोजतो, परीक्षा घेतो, दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र देतो, मग पहिल्या वर्गाचे. मधली वाट माणसांवर सोपविलेली असते.

ती वाट किती निसरडी आहे हे एका साध्या वस्तूवरून सांगता येईल. बॉयलरच्या दर्शनी भागी एक उभी काचेची नळी असते. आतील पाण्याची पातळी तीत दिसते. एकीवर विसंबू नये म्हणून अशा दोन नळ्या बसविलेल्या असतात. नवख्याला पहिल्या दिवशी सांगतात, ‘काचेवर लक्ष ठेव.’ सोपे वाटते. परंतु ही नळी पाण्याने काठोकाठ भरलेली असो की पूर्ण रिकामी असो, दोन्ही वेळा ती जवळजवळ सारखीच दिसते. स्वच्छ काच, मध्ये पातळीची रेघ नाही. एकीचा अर्थ, पाणी फार झाले. दुसरीचा अर्थ, भट्टीच्या माथ्यावरचे पाणी उतरून पोलाद उघडे पडत आहे. शिवाय नळीला जोडणारा खालचा कॉक क्षाराने अर्धवट बुजलेला असेल, तर काचेत दिसणारी पातळी ही आतील पातळीच नव्हे. ‘काँच कभी-कभी झूठ बोलता है, साहब,’ असे एका वृद्ध फायरमनने आम्हांला नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. म्हणून पाळीच्या सुरुवातीस कॉक आळीपाळीने उघडून, वाफ आणि पाणी बाहेर सोडून, काच खरे बोलते की नाही याची परीक्षा करावयाची असते.

आता समजा, काच खरोखरच रिकामी आहे. माणसाची सहजप्रवृत्ती म्हणते, पाणी कमी आहे तर पाणी सोडा. तापून लाल झालेल्या पोलादावर गार पाणी सोडणे हीच ती जीवघेणी चूक. आधी आग बंद करावयाची आणि भांडे आपल्या गतीने निवू द्यावयाचे. रात्री तीन वाजता, एकटे असताना, उत्पादन थांबेल आणि सकाळी मालकाची बोलणी खावी लागतील हे डोळ्यांपुढे दिसत असताना, हात सहजप्रवृत्तीच्या उलट चालला पाहिजे. हे ज्ञान पुस्तकात एका ओळीचे आहे. ते हातात उतरावयास वर्षे लागतात, आणि प्रत्यक्ष चूक करून ते शिकण्याची सोय नाही.

या पेचाचे उत्तर आम्हांला नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सापडले नाही. (तसे आम्ही फार ग्रंथ वाचले आहेत असेही नव्हे.) ते आमच्याच व्यवसायातील एका जुन्या रीतीत दिसले. नवा बॉयलर कामास लावण्यापूर्वी त्याची ताकद पाहतात. तो ज्या दाबावर चालणार त्याहून अधिक, नव्या बॉयलरसाठी सामान्यतः दीडपट, दाब त्याच्यावर घालतात. पण हा दाब वाफेचा नसतो. भांडे थंड पाण्याने शिगोशीग भरतात आणि पंपाने पाण्याचाच दाब चढवितात. कारण पाणी दाबाखाली फारसे आक्रसत नाही आणि म्हणून त्यात फारशी शक्ती साठून राहत नाही. एखादा सांधा कच्चा असेल तर तेथून पाण्याची चिळकांडी उडते, दाबमापकाचा काटा खाली येतो, आणि तेवढ्यावर भागते. तोच सांधा वाफेखाली उघडला असता तर इमारत राहिली नसती. भांड्याला येथे चुकण्याची मुभा दिलेली आहे; फक्त माध्यम असे निवडले आहे की दोष उघडा पडावा आणि कोणास इजा होऊ नये. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. भरताना आत हवा अडकू द्यावयाची नाही. माथ्यावरचे तोंड उघडे ठेवून त्यातून पाण्याची अखंड धार लागेपर्यंत थांबावयाचे, कारण हवा आक्रसते, शक्ती साठविते, आणि तिचा एवढासा बुडबुडा त्या निरुपद्रवी चाचणीला घातक करू शकतो.

नवख्याला चुकू द्यावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच थोडा चुकीचा मांडलेला आहे. त्याला चुकावयाचे आहेच. त्याने कोठे चुकावे, पाण्यात की वाफेत, एवढेच जाणत्याच्या हाती असते.

आमच्या खात्यात एक ज्येष्ठ निरीक्षक होते. नाव सांगण्याचे कारण नाही. जे ओळखतील ते ओळखतील. निरीक्षणाच्या दिवशी बॉयलर थंड करून, रिता करून, शेजारच्या चालू बॉयलरशी असलेली वाफेची जोडणी तोडून ठेवलेला असे. हे गृहस्थ सकाळी सर्वांच्या आधी येत, जोडणी खरोखर तुटली आहे हे स्वतः हात लावून पाहत, आत जात, हातोडीने ठोकून आणि दिव्याने निरखून जे आढळले ते खिशातील लहानशा वहीत टिपून ठेवीत. कोणास काही सांगत नसत. मग नव्याने रुजू झालेल्या तरुणास आत पाठवीत आणि आत जाण्याच्या तोंडाशी एक बादली उपडी घालून तीवर बसून राहत. तरुण बाहेर आला की विचारीत, ‘काय दिसलं?’ ‘अमुक दिसलं का?’ असे ते कधीही विचारीत नसत. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात उत्तर असते, आणि उत्तर ऐकून आलेला माणूस पुढल्या वेळी उत्तराची वाट पाहतो, लोखंड पाहत नाही.

आमच्याच सुमारास रुजू झालेल्या एका तरुणाने असाच एकदा बाहेर येऊन सर्व ठीक असल्याचे सांगितले. बॉयलर जुना, लोकोमोटिव्ह धर्तीचा होता. अशा बॉयलरच्या भट्टीच्या पेटीला आवळून धरणारे शेकडो स्टे, म्हणजे पोलादी खिळेच म्हणा, असतात. ज्येष्ठांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बरं. आता हातोडी घेऊन पुन्हा एकदा जाऊन या. या वेळी डोळे मिटून ठोका.’ धड असलेला स्टे हातोडीखाली खणखणीत वाजतो. तुटलेला बद्द वाजतो. तरुण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. एक स्टे बद्द वाजत होता. ज्येष्ठांनी खिशातील वही काढून त्याच्यापुढे धरली. तीत तोच स्टे, त्याच्या रांगेसह, नोंदलेला होता. रागावले नाहीत, पाठही थोपटली नाही. ‘अहवाल तुम्ही लिहा, मी वाचून सही करतो,’ एवढेच बोलले आणि चहा मागविला.

या प्रसंगात सौजन्य आहे, पण आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कष्ट. त्या गृहस्थांनी एकाच बॉयलरचे निरीक्षण दोनदा करविले. एकदा स्वतः, कोणी पाहत नसताना. तरुण मोकळेपणाने चुकू शकला, कारण त्याच्या चुकीखाली ती वही जाळ्यासारखी पसरलेली होती. आणि वही लपविलेली होती म्हणूनच त्याची नजर त्याची स्वतःची राहिली. नवख्यांना साह्य करणे म्हणजे त्यांच्याशी गोड बोलणे, असा एक समज हल्ली कार्यालयांतून रूढ झाला आहे. गोड बोलण्यास काही पडत नाही. सकाळी दोन तास आधी येण्यास पडते.

याच्या उलट टोकाला आपल्या परिचयाची एक वृत्ती आहे, हातचे राखून शिकविण्याची. गाण्याच्या घराण्यांतून तिच्या आख्यायिका आपण चवीने ऐकत आलो. एखाद्या बुवांनी अमुक चीज शिष्यास अखेरपर्यंत दिली नाही, हे सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा आदरच अधिक असतो. चीज बुडाली तर संगीताचे नुकसान होते, तेही लहान नव्हे. परंतु कारखान्यातील जुन्या कारागिराने कोणता झडप अडकतो, कोणत्या पंपाचा आवाज बदलला की काय समजावयाचे, हे पोटात ठेवले, तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसराच कोणी मरतो. म्हणून येथे राखून ठेवणे हे अधिक मोठे पाप, असे आम्ही नोकरीत असताना बेधडक म्हणत असू. पुढे पुढे हे बोलणे जड जाऊ लागले. ज्याची नोकरी दर अकरा महिन्यांनी कंत्राटदाराच्या मर्जीवर असते, ज्याच्याकडून शिकून घेतल्यावर निम्म्या पगारावरचा मुलगा त्याच्या जागी उभा करतात, त्याचे ते राखलेले ज्ञान हीच त्याची पेन्शन असते. आम्ही शासकीय पेन्शनवाल्यांनी त्याला औदार्याचे पाठ द्यावेत, हे शोभत नाही. ज्याला शिकविल्याबद्दल शिक्षा होते त्याने शिकविले नाही, तर त्या दोषाचा मोठा वाटा ती व्यवस्था करणाऱ्याकडे जातो. सगळा जात नाही, हेही खरे. मरणाऱ्या मुलाला व्यवस्थेशी कर्तव्य नसते.

परंतु आमच्या अनुभवात जाणत्यांनी राखून ठेवल्याने जितके बिघडते, त्याहून अधिक नवख्यांनी गिळून टाकल्याने बिघडते. प्रश्न गिळतात, शंका गिळतात, ‘समजले नाही’ हे दोन शब्द गिळतात. हे त्यांना कोणी शिकविले? ‘एवढेही ठाऊक नाही?’ या आपल्या एका वाक्याने. हे वाक्य उच्चारणारा स्वतः आयुष्यात कोणाचे वाईट न चिंतणारा असू शकतो. त्याला ते बोलल्याचे संध्याकाळपर्यंत स्मरतही नाही. ऐकणाऱ्याला मात्र स्मरते, आणि पुढच्या वेळी काच रिकामी की भरलेली याविषयी शंका आली तर तो विचारण्याऐवजी अंदाज करतो. पाण्याच्या चाचणीत अडकून राहिलेली हवा ती हीच.

कर्ण आणि परशुराम यांची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकलेली आहे. गुरू शिष्याच्या मांडीवर डोके ठेवून निजलेले. एक किडा कर्णाची मांडी पोखरतो. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हूं की चूं करीत नाही. उष्ण रक्ताच्या स्पर्शाने गुरू जागे होतात, आणि एवढे सोसणारा हा ब्राह्मण नव्हे हे ओळखून शाप देतात की, ऐन गरजेच्या वेळी तुला ही विद्या आठवणार नाही. ही कथा आपल्याकडे बहुधा सोशिकतेचा आदर्श म्हणून सांगितली गेली. आम्हांला ती निराळी दिसू लागली आहे. कर्ण बोलला नाही याला गुरुभक्ती हे एक कारण झाले. पण ज्याचे शिष्यत्वच काहीतरी लपविण्यावर उभे आहे, त्याला वेदनासुद्धा लपविण्याची सवय लागते. आणि लपविण्याची वेळ त्याच्यावर कोणी आणली? अमुक कुळातील असल्याखेरीज शिकविणार नाही, असे म्हणणाऱ्या गुरूनेच. मग शापाचा मजकूर पाहा. विद्या नाहीशी होणार नाही. ऐन वेळी आठवणार नाही. भीत भीत, आपले अज्ञान झाकत शिकलेल्या विद्येचे नेमके हेच होते, हे आम्ही तोंडी परीक्षांतून शेकडो वेळा पाहिले आहे. नियम पाठ असतो. ‘काच रिकामी दिसली तर?’ असे अचानक विचारले की डोळे पांढरे होतात.

जेथे इतरांचा जीव हाती असतो तेथे गुरूंची झोप मोडणारा शिष्य हवा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाचा कप्तान आपल्या कंपनीतील अत्यंत मानाचा, इतर वैमानिकांना शिकविणारा असा होता. समोरचे विमान अजून धावपट्टीवरून गेले नसावे, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली होती. कप्तानाने ठामपणे ती झटकली. दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही. या आणि अशा अपघातांनंतर विमानवाहतुकीच्या क्षेत्राने कनिष्ठाने कसे बोलावे आणि ज्येष्ठाने कसे ऐकावे हा रीतसर प्रशिक्षणाचा विषय केला. तो शिकवावा लागतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे आजही बहुतेक ठिकाणी तो स्वभावाचा भाग समजला जातो; ‘अमुक साहेब मनमिळाऊ आहेत’ एवढ्यावर काम भागवितात. साहेबांची बदली झाली की सुरक्षिततेचीही बदली होते.

यावर जुन्या मंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो आम्ही आमच्याच पिढीच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. ‘आम्हांला शिव्या देऊनच शिकवले, म्हणून आम्ही घडलो.’ घडले ते आज हे सांगावयास आहेत. जे त्या शिव्यांनी काम सोडून गेले किंवा भीतीने गप्प राहून कायमचे जायबंदी झाले, ते या चर्चेस उपस्थित नाहीत. तथापि या आक्षेपात एक सत्यही आहे. नवख्याचा हात चुकीच्या झडपेकडे जात असताना ‘कृपया थांबता का’ म्हणत बसणाऱ्यास आम्ही मूर्ख म्हणू. तेथे ओरडलेच पाहिजे, प्रसंगी ढकलले पाहिजे. हातावर ओरडावे, प्रश्नावर ओरडू नये. पोरांना हा भेद चटकन कळतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो त्यांच्या बोलण्यातून कळून येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. पाठीशी जाणता आहे असे कळले की नवखा सैलावतो. ‘साहेब बघतीलच’ असे तो म्हणतो. आणि साहेब म्हणतात, ‘पोरानं बघितलंच असेल.’ कागदावर दोन सह्या होतात, लोखंड मात्र एकानेही पाहिलेले नसते. दोन माणसे असल्याने सुरक्षितता दुप्पट होण्याऐवजी अर्धी होते. वहीचा तो उपाय या रोगावर चालतो, कारण त्यात दोघे एकमेकांच्या नकळत पाहतात. पण दर वेळी दोनदा पाहणे कोणास परवडते? केव्हातरी वही बंद करून तरुणाला एकटे सोडावे लागते, आणि तो दिवस कोणता हे सांगणारा दाबमापक कोणी बनविलेला नाही. लवकर सोडले तर जिवाशी गाठ. उशिरा सोडले तर तो माणूस पन्नाशीतही मागे वळून पाहत राहतो. आमच्या ज्येष्ठांची याबाबत एक खूण होती, ती सांगतो; शास्त्र म्हणून नव्हे. जो तरुण ‘सर्व ठीक आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘हे तीन भाग पाहिले, हा चौथा हात पोहोचत नसल्याने पाहिला नाही’ असे आपणहून सांगू लागे, त्याला ते एकट्याला पाठवीत.

आता काळ बदलला आहे. २००७ च्या दुरुस्तीने निरीक्षणाच्या कामात शासकीय निरीक्षकाबरोबर मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तींना स्थान मिळाले. पोलादाची जाडी ध्वनिलहरींनी मोजणारी यंत्रे हातात आली, आगीची आणि पाण्याची देखरेख स्वयंचलित झाली. हे सर्व चांगलेच आहे. हातोडीच्या आवाजासाठी उसासे टाकणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण स्वयंचलित यंत्रणेबरोबर पाळीतील माणसे कमी होतात, आणि पहिल्यांदा कमी होतो तो ‘दुसरा’ माणूस. ज्याचे काम प्रत्यक्ष काही नव्हते, फक्त पाहत पाहत शिकणे एवढेच होते. आम्ही मध्य प्रदेशातील माणसे हा हिशेब विसरू शकत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या त्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्याआधीच्या वर्षांत तेथील मनुष्यबळात आणि प्रशिक्षणात काटछाट होत आली होती, हे नंतरच्या अभ्यासांतून वारंवार नोंदले गेले आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी रायबरेली जिल्ह्यातील ऊंचाहार येथे वीजकेंद्राच्या नव्या बॉयलरला अपघात झाला, चाळीसहून अधिक माणसे गेली; मृतांत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते. अशा बातम्यांनंतर चौकशी नेमली जाते, राख कोठे साचली, दाब कशाने वाढला, हे शोधले जाते आणि शोधलेच पाहिजे. त्या जागी उभ्या असलेल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला ‘थांबा’ म्हणण्याची मुभा होती काय, आणि त्याने ते म्हटले असते तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळाली असती काय, हे प्रश्न अहवालाच्या कोणत्या प्रकरणात घालावयाचे, हे आम्हांलाही नोकरीत असताना कधी नीट उमगले नाही.

कागदांवरून आठवले. बॉयलरजवळ एक नोंदवही असते. तासातासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, पाणी सोडल्याची वेळ वगैरे रकाने भरावयाचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आम्ही तपासलेल्या असंख्य वह्यांत या रकान्यात वर्षानुवर्षे एकच शब्द वरपासून खालपर्यंत उतरत गेलेला असे: ठीक, ठीक, ठीक. देवासच्या बाजूला एका मध्यम कारखान्यात मात्र निराळी वही पाहिली. तेथील पहिल्या वर्गाच्या अटेंडंटने नव्या मुलांना ‘ठीक’ लिहिण्यास बंदी केली होती. जे समजले नाही ते शेऱ्यात लिहावयाचे. कोणी हसावयाचे नाही. आणि पुढच्या पाळीच्या जुन्या माणसाने त्याखालीच उत्तर लिहावयाचे. मालकास ही रीत फारशी पसंत नव्हती. निरीक्षक वही पाहतील आणि नसती विचारपूस करतील, अशी त्याला धास्ती होती. अटेंडंटने ती तरीही चालविली. त्या वहीचे एक पान आम्ही पुन्हा पुन्हा वाचले होते, म्हणून ते जवळजवळ जसेच्या तसे स्मरते. मुलाच्या कच्च्या अक्षरात: ‘रात दो बजे काँच की जाँच की. पानी बहुत धीरे वापस आया. क्यों?’ त्याखाली दुसऱ्या शाईत: ‘नीचे का कॉक आधा बंद हो गया होगा. सुबह मेरे सामने खोलना. तब तक दूसरा काँच देखो, हर पंद्रह मिनट में.’ आणि त्याखाली, सकाळी साडेसहाची वेळ घालून, पुन्हा त्याच कच्च्या अक्षरात: ‘कॉक खोला. पपड़ी निकली. उस्ताद ने दिखाई.’ शेजारी दोन सह्या होत्या.